वडपळनीचा मायाबाजार

आवडत्या कथेतील नगरी प्रत्यक्ष पाहावी, तिचे छायाचित्र घ्यावे, ही इच्छा थोडी पोरकट खरी. पण ती कधीच झाली नाही असा वाचक विरळा.

आमच्या सोलापूरच्या आत्याबाईंची ही इच्छा साठ वर्षांहून जुनी आहे. त्यांच्या बालपणी घराशेजारी तेलुगू विणकरांची वस्ती होती. त्या शेजाऱ्यांच्या संगतीने त्यांनी ‘मायाबाजार’ पाहिला. भाषा कळली नाही, पण कथा आपल्याच वत्सलाहरणाची. अडले काहीच नाही. यंदा मी चेन्नईस निघाले तेव्हा त्यांनी बजावले, “द्वारका उभारली होती तिथला फोटो आण गं. माझी नजर आता फार दिवस साथ द्यायची नाही.”

ही कथा व्यासांच्या महाभारतात नाही. ती लोकांनी रचली. बलरामाची कन्या अभिमन्यूस द्यावयाची ठरलेली. पांडवांचे राज्य जाताच ती दुर्योधनपुत्र लक्ष्मणास देण्याचा घाट घातला जातो. मग कृष्णाच्या संमतीने घटोत्कच वधूला पळवितो, स्वतः वधूचे रूप घेतो आणि वऱ्हाडासाठी मायेची नगरी उभी करतो. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२१ सालीच यावर ‘सुरेखाहरण’ हा मूकपट काढला होता. तेलुगूत वत्सलेचे नाव शशिरेखा.

१९५७ सालचा ‘मायाबाजार’ के. व्ही. रेड्डी यांनी दिग्दर्शित केला. निर्माते होते नागी रेड्डी आणि चक्रपाणी. १९४७ साली ‘चंदामामा’ सुरू करणारी जोडी हीच! मराठी घरांत ‘चांदोबा’ म्हणून येणारे मासिक तेच. कलादिग्दर्शकांपैकी एक गोखले. मराठी वाचकाने लगेच कोकण आठवू नये, हे माधवपेद्दी गोखले अस्सल तेलुगू. गंमत अशी की साऱ्या चित्रपटात पांडव एकदाही दिसत नाहीत, आणि त्यांची उणीवही भासत नाही. घटोत्कच झालेले एस. व्ही. रंगाराव लग्नाची मेजवानी एकटेच फस्त करतात. पण माझ्या मते खरी करामत सावित्रीची. वधूच्या वेषातला राक्षस ती नुसत्या चालीतून आणि दटावणीतून दाखविते.

आणि द्वारका? ती वडपळनीच्या विजया-वाहिनी स्टुडिओत, सुमारे पन्नास फूट लांब आणि साठ फूट रुंद जागेत बसविलेली होती. सुमारे तीनशे चिमुकली घरे, आत विजेचे दिवे. छायालेखक मार्कस बार्टली यांनी तिच्यावर कॅमेरा असा फिरविला की प्रेक्षकाला समुद्रकाठची नगरीच दिसावी. पुढे ‘चेम्मीन’मधला खरा समुद्रही त्यांनीच टिपला.

मेट्रोने वडपळनीस उतरले. मुरुगन मंदिराचे गोपुर, फुलांच्या माळा, आर्कट रस्त्यावरची वाहने. पण स्टुडिओ कुठे? एका काळी आशियातील सर्वांत मोठ्या स्टुडिओंत गणल्या गेलेल्या त्या आवारात १९७२ साली नागी रेड्डींनीच रुग्णालय काढले. पुढे त्याच जमिनीवर २०१३ साली भव्य मॉल उघडला. आत काचेची दुकाने, झगमगाट, सरकते जिने. वऱ्हाडी मंडळी मायानगरीत फिरत तशी माणसे फिरत होती. हसू आले, पण आत्याबाईंना हे कसे सांगावे?

मग मी वेड्यासारखी छायाचित्रे घेत सुटले. गोपुराचे, रुग्णालयाच्या फाटकाचे, एका म्हाताऱ्या चाफ्याचे. हा चाफा तेव्हाचा असेल अशी मी स्वतःची समजूत घातली. परतताना एका साध्या किराणा दुकानाची पाटीही टिपली.

सोलापुरात आत्याबाईंनी सारी चित्रे डोळ्यांजवळ धरून पाहिली. गोपुर बाजूला ठेवले, मॉल तर उलटाच ठेवला. पाटीपाशी मात्र थांबल्या. खालच्या ओळीत पत्ता होता : वडपळनी, चेन्नई ६०००२६.

“सव्वीस!” त्या म्हणाल्या. उठून त्यांनी कपाटातून ‘चांदोबा’चा जुना बांधीव खंड काढला आणि पत्त्याच्या ओळीवर बोट ठेवले. मद्रास-२६. वर्गणीच्या मनिऑर्डरीवर हाच आकडा त्या स्वतःच्या हाताने लिहीत असत. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, “ही पाटी अजून मोठी करून मिळेल का गं?”