आगीतला समंदर आणि छपरावरचे पत्रे

फारसी-उर्दू काव्यात ‘समंदर’ म्हणजे केवळ सागर नव्हे. आगीत राहणारा एक कल्पित जीवही. न जळणारे कापड या जीवाच्या कातडीचे असते, अशी मध्ययुगात समजूत होती. ते डोंगरातून खणून काढलेल्या तंतूंचे असते, हे मार्को पोलोने झुल्फिकार नावाच्या तुर्क सोबत्याकडून ऐकून तेराव्या शतकाच्या अखेरीस नोंदवले. हे खनिज म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस.

१९०० च्या सुमारास ऑस्ट्रियात लुडविग हॅट्शेक यांनी हे तंतू सिमेंटमध्ये मिसळून पत्रे बनवले. स्वस्त, हलके, न गंजणारे! आपल्याकडील कित्येक शाळांवर हेच ‘सिमेंटचे पत्रे’ आले.

हे सूक्ष्म तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर रुततात. शरीराला ते सहजी बाहेर टाकता येत नाहीत. १९६० मध्ये वॅग्नर व सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेत फुप्फुसावरणाच्या कर्करोगाशी त्यांचा संबंध दाखवला. रुग्णांत खाणीत कधीच काम न केलेले, नुसते शेजारी राहिलेले लोकही होते. रोग बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी प्रकटतो. म्हणूनच आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अशा कामगारांच्या आरोग्य-नोंदी किमान चाळीस वर्षे जपण्यास सांगितले.

धड पत्र्यापासून धोका कमी. तो कापताना, भोके पाडताना वा फोडताना धूळ उडते, ती घातक. दुरुस्ती सुट्टीत व्हावी, पत्रा भिजवून अखंड उतरवावा, आणि खालची धूळ शिपायाकडून कोरड्या झाडूने मुळीच झाडून घेऊ नये.