गाडीचा शॉकअप आणि चालकाची कंबर

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली प्रवेशद्वारासमोर उजाडण्यापूर्वीच जिप्सींची रांग लागते. प्रत्येक गाडीत सहा पर्यटक, एक मार्गदर्शक आणि एक चालक. पुढचे साधारण चार तास मुरमाचा, दगडगोट्यांचा, नाल्यात उतरून पुन्हा वर चढणारा रस्ता. पर्यटक वाघ पाहून घरी जातात, चालक मात्र दुपारी पुन्हा त्याच रस्त्यावर असतो. पर्यटकाच्या कंबरेला दोन दिवस जे सोसावे लागते, ते चालकाच्या कंबरेला वर्षानुवर्षे. गडचिरोलीत एटापल्ली, भामरागडकडच्या आतल्या गावांना जाणाऱ्या जीपगाड्यांची गोष्टही वेगळी नाही.

कंबरदुखी घेऊन रुग्णालयात येणाऱ्या अशा चालकाची तक्रार बहुधा ठरलेली असते. गाडी उंच करून घेतली, नवे शॉकअप टाकले, तरी दुखणे कमी होत नाही. उलट गाडी पहिल्यापेक्षा जास्त आपटते. गोळी घेतली की दिवस निघतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. यात औषधाइतकाच गाडीचाही विचार करावा लागतो, कारण चाक आणि चालकाचे डोके यांच्यामध्ये टायर, पाटे, शॉकअप आणि आसन असतात. या चौघांनी जे अडवले नाही, ते मणक्याला अडवावे लागते.

मणक्यात काय घडते?

दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. लहानपणानंतर या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ राहत नाही. आजूबाजूच्या हाडातून झिरपून येणाऱ्या अन्नद्रव्यांवर ती जगते. बसून, त्यातही पुढे वाकून बसल्यावर तिच्यावरचा दाब वाढतो. त्यात सतत हादरे बसू लागले की पाठीचे स्नायू दर हादऱ्याला आवळतात आणि थकतात. थकलेला स्नायू उशिरा आवळतो, म्हणजे पुढचा हादरा थेट गादीवर आणि सांध्यांवर जातो.

प्रत्येक वस्तूला डोलण्याची स्वतःची एक लय असते. झोका त्याच्या लयीत ढकलला तर थोड्या जोरातही उंच जातो. बसलेल्या माणसाच्या धडाची उभ्या दिशेतली लय सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा अशी आहे. या लयीत येणारा हादरा शरीर जिरवत नाही, वाढवते. चांगल्या मोटारीचे स्प्रिंग सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा डोलतील असे ठेवलेले असतात, ते याचसाठी. स्प्रिंग जितके कडक, तितकी गाडीची लय मणक्याच्या लयीजवळ सरकते.

युरोपीय संघाने २००२मध्ये कामगारांच्या शरीराला बसणाऱ्या कंपनांची मर्यादा ठरवून दिली. आठ तासांच्या कामात कंपनाची सरासरी तीव्रता ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीला पोचली की मालकाने उपाय सुरू करायचे, आणि १.१५च्या वर ती जाऊच द्यायची नाही. जर्मनीत तर अनेक वर्षे अशा हादऱ्यांत काम केल्याने होणारा कंबरेच्या गादीचा विकार १९९३पासून व्यावसायिक आजार मानला जातो.

या मोजमापातले गणित चालकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. आसनावरचे कंपन १ असेल तर उपाय सुरू करण्याची पातळी दोन तासांतच गाठली जाते. तेच ०.७वर आणले तर साधारण चार तास मिळतात, आणि ०.५वर आणले तर आठ. म्हणजे कंपन निम्मे केले की वेळ चौपट मिळते. एक फेरी चार तासांची आणि दोन फेऱ्या आठ तासांच्या धरल्या, तर हादरा थोडासा कमी करणेही किती मोलाचे आहे हे कळते. मोठ्या दणक्यांचा हिशेब तर आणखी कडक आहे. त्यासाठीच्या मोजमापात दणका दुप्पट झाला की त्याचा भार सोळा पट धरतात. त्यामुळे दिवसभराच्या थरथरीइतकाच गाडी ‘धाडकन’ बसण्याचा क्षणही टाळायला हवा.

उंच केलेली गाडी का आपटते?

मारुती जिप्सी १९८५मध्ये आली आणि २०१८-१९च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. पुढे-मागे सलग आस आणि चारही चाकांवर पाटे, अशी तिची रचना. गाडीचे स्वतःचे वजन सुमारे एक टन. त्यात आठ माणसे बसली की जवळपास अर्धा टन वाढतो, आणि त्यातला बराचसा मागच्या आसावर येतो. हा भार पेलावा, पोट दगडाला घासू नये म्हणून एखादा जास्तीचा पाटा चढवला जातो, मोठे टायर घातले जातात. गाडी उंच होते आणि कडकही होते. पर्यटक उतरल्यावर रिकामी गाडी घरी नेताना ती सर्वांत जास्त उडते, कारण पाटे आठ माणसांसाठी आहेत आणि आत एकटा चालक आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. भार पेलण्याचे काम शॉकअपचे नाही, ते पाट्यांचे. शॉकअपच्या नळीत तेल असते आणि बारीक छिद्रांचा दट्ट्या असतो. पाटा दबला-उसळला की दट्ट्या तेलातून सरकतो, तेल छिद्रांतून जाताना अडते, आणि उसळीची ताकद उष्णतेत बदलून जिरते. शॉकअप नसेल तर गाडी एका खड्ड्यानंतर बराच वेळ डोलत राहील. पण कडक पाट्यांनी आलेला त्रास आणखी कडक शॉकअप टाकून जाणार नाही, वाढेल.

निवडताना काय पाहावे?

आधी पाटे तपासावेत. पाट्यांमध्ये गंज धरला की ते एकमेकांवर सरकत नाहीत, आणि लहान खड्ड्यांना अख्खी जुडी लोखंडी पट्टीसारखी वागते. पाटे उघडून साफ करणे, झिजलेले बुश बदलणे, गरज नसलेला जास्तीचा पाटा काढणे, एवढ्याने पुष्कळदा निम्मे काम होते.

दुसरी गोष्ट लांबी. गाडी उंच केली आणि शॉकअप जुनेच ठेवले तर चाक खड्ड्यात लोंबकळताना शॉकअप पूर्ण ताणला जातो आणि वरून झटका बसतो. नको तितका लांब टाकला तर चाक वर येताना तो आतल्या आत टेकतो. दोन्ही वेळा दणका थेट सांगाड्यात आणि तिथून आसनात. म्हणून चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली असताना दोन्ही टोकांमधले अंतर मोजून घ्यावे. दबताना शॉकअप टेकण्याआधी गाडीचा रबरी ठोकळा टेकला पाहिजे.

तिसरी गोष्ट कडकपणा. तो रोजच्या भारावर आणि प्रत्यक्षात बसवलेल्या पाट्यांवर ठरवावा, वर्षातून एकदा येणाऱ्या भारावर नाही. दबतानाचा विरोध जास्त असेल तर प्रत्येक दगड कंबरेला कळतो. उसळतानाचा विरोध फार जास्त असेल तर लागोपाठच्या खड्ड्यांत पाट्याला परत वर यायला वेळच मिळत नाही. गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी टेकते. कडकपणा बदलता येणारे शॉकअप असतील तर सर्वांत मऊ टप्प्यापासून सुरुवात करावी आणि खड्ड्यानंतरचे डोलणे थांबेपर्यंत एकेक टप्पा वाढवावा.

चौथी गोष्ट प्रकार. दुहेरी नळीचे, कमी दाबाचा वायू भरलेले शॉकअप जंगलातल्या संथ वेगाला पुरेसे असतात. एकेरी नळीचे जास्त दाबाचे शॉकअप उष्णता लवकर बाहेर टाकतात, त्यामुळे लांबच्या वेगवान खडबडीत प्रवासात ते टिकून काम करतात. पण त्यांची नळी दगड लागून चेपली तर दट्ट्या अडकतो, आणि आतल्या दाबामुळे ते थोडे ताठरही वाटू शकतात. महाग म्हणजे आरामदायी, असे समीकरण नाही.

शॉकअप एकाच आसावर जोडीने बदलावेत. खराब झाल्याची खूण म्हणजे तेलाचा ओघळ, टायरची ठिकठिकाणी झीज, खड्ड्यानंतर थांबत नसलेली उसळी. अनुभवी मेकॅनिक आणखी एक युक्ती वापरतात. खडबडीत फेरीनंतर गाडी थांबवून जपून हात लावला, आणि तीन शॉकअप कोमट व एक गार लागला, तर तो गार शॉकअप काम करत नाही. उंची किंवा रचना बदलण्याआधी मात्र परिवहन कार्यालयाची परवानगी पाहावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार मनाप्रमाणे फेरफार करता येत नाहीत, आणि उंच गाडी वळणावर कलंडण्याचा धोकाही वाढतो.

टायर, आसन आणि वेग

टायरमध्ये दगडासारखी हवा भरली तर सर्वांत चांगले शॉकअपही हरतात. कच्च्या रस्त्यावर कंपनीने दिलेल्या मर्यादेत हवा थोडी कमी ठेवावी, डांबरी रस्त्याला लागण्याआधी पुन्हा भरावी.

मऊ गादी फसवी असते. जाड, लुसलुशीत फोम मणक्याच्याच लयीत डोलू लागतो आणि हादरा वाढवतो. घट्ट, न दबणारा फोम, पाठीला टेकू आणि गुडघे किंचित वाकलेले राहतील असे अंतर चालकासाठी योग्य.

वेगाचा हिशेब करून पाहावा. रस्त्यावर ७० सेंटिमीटर अंतराने लहरी पडल्या असतील आणि गाडी ताशी १५ किलोमीटरने जात असेल तर सेकंदाला साधारण सहा हादरे बसतात, म्हणजे नेमकी मणक्याची लय. वेग ताशी आठपर्यंत आणला तर ते सेकंदाला तीनच्या आसपास येतात. वेग वाढवल्यावरही थरथर कमी वाटते, पण चाकांची पकड सुटते, आणि समोरून चितळ कधी येईल सांगता येत नाही.

पर्यटकांसाठी एकच नियम: मागच्या आसावरची जागा सर्वांत जास्त उडते, दोन्ही आसांच्या मधली सर्वांत कमी. हाडे ठिसूळ झालेल्या ज्येष्ठांमध्ये एका दणक्याने मणका दबून मोडू शकतो. त्यांना मधल्या जागा द्याव्यात. गर्भवतींनी अशी फेरी टाळावी.

चालकाने कंबर कशी जपावी?

फेरी संपल्याबरोबर धानाचे पोते उचलू नये. हादऱ्यांनंतर थकलेले स्नायू उशिरा साथ देतात. दहा-पंधरा मिनिटे चालावे, मग वजन उचलावे. जुलै ते सप्टेंबर कोअर क्षेत्र बंद असते तेव्हा अनेकांची कंबर रोवणीत वाकलेली असते, म्हणजे विश्रांतीचा काळही विश्रांतीचा नसतो. म्हणून पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंचे व्यायाम वर्षभर करावेत. कमरपट्टा त्यांची जागा घेत नाही. बिडी-सिगारेटने गादीची झीज वाढते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी पिऊन रोज वेदनाशामक गोळी घेणे मूत्रपिंडासाठी धोक्याचे आहे.

पायात वाढत जाणारा कमकुवतपणा, मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे, रात्री झोपेतही थांबत नसलेली वेदना किंवा दुखण्यासोबत ताप, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. यात शॉकअप बदलून पाहण्याची वेळ नसते.

बाकीच्यांसाठी क्रम असा: आधी टायरची हवा आणि पाटे, मग आसन, मग मोजून निवडलेले शॉकअप. ज्याची गाडी आहे त्याने हा खर्च देखभालीत धरावा. शॉकअप झिजला तर नवा मिळतो. झिजलेली कंबर घेऊन बसलेल्या चालकाची मात्र फेरीही जाते आणि त्या दिवसाची कमाईही.