फिरण्याचं कार्ड घ्यावं की कॅशबॅकचं?

मॉलमध्ये टेबल मांडून उभा असलेला मुलगा तुम्हाला थांबवतो. 'विमानतळावर लाउंज फ्री, तिकिटावर पॉइंट्स!' तुम्ही फॉर्म भरता. वर्षभराने बिलात २,५०० रुपये वार्षिक शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी दिसतो. विमानप्रवास मात्र एकदाही झालेला नसतो.

कार्ड निवडण्याआधी मागच्या तीन महिन्यांचा खर्च कागदावर मांडा. समजा, तुमच्या घरात दरमहा २५,००० रुपये कार्डावर जातात. त्यातली ८,००० रुपयांची खरेदी ऑनलाइन आहे. ऑनलाइनवर ५ टक्के आणि बाकी खर्चावर १ टक्का देणाऱ्या कॅशबॅक कार्डावर महिन्याला ५७० रुपये, म्हणजे वर्षाला ६,८४० रुपये परत मिळतात.

हाच खर्च ट्रॅव्हल कार्डावर केला आणि दर १०० रुपयांना २ पॉइंट्स मिळाले, तर वर्षाला ६,००० पॉइंट्स जमतात. विमानाच्या तिकिटासाठी एका पॉइंटचा एक रुपया धरला, तर ६,००० रुपये झाले. त्यातून शुल्काचे २,९५० वजा करा, हातात उरले ३,०५०. आणि तेच पॉइंट्स मिक्सर किंवा व्हाउचर घेण्यात घालवले तर? तिथे पॉइंटची किंमत अनेकदा २५ पैशांपर्यंत घसरते. ६,००० पॉइंट्सचे झाले फक्त १,५०० रुपये. शुल्कही वसूल झालं नाही!

मग ट्रॅव्हल कार्ड कुणी घ्यावं? जे नोकरीनिमित्त बंगळूरू किंवा दिल्लीला राहतात आणि आईवडिलांना भेटायला वर्षातून चार-पाच वेळा विमानाने पुण्याला येतात, त्यांनी जरूर घ्यावं. परदेशात मुलांकडे जाणाऱ्यांनी तर परकीय चलनावरचा आकार आधी विचारावा. साध्या कार्डांवर तो साधारण साडेतीन टक्के असतो, काही ट्रॅव्हल कार्डांवर २ टक्के. एक लाखाच्या खर्चावर हा फरक १,५०० रुपयांचा आहे. लाउंजच्या मोहात मात्र पडू नका. आता बऱ्याच बँका आधीच्या तीन महिन्यांत ठरावीक खर्च केला असेल, तरच आत सोडतात. शिवाय तिथला इडलीसांबार काही इतका खास नसतो.

कॅशबॅकलाही कुंपण असतं. दरमहा कमाल मर्यादा किती, हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पेट्रोल आणि वॉलेटमध्ये भरलेले पैसे बऱ्याचदा त्यात धरतच नाहीत.

या हिशोबात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे तुम्ही दरमहा पूर्ण बिल भरता. 'किमान रक्कम' भरून २०,००० रुपये मागे ठेवले, तर महिना साडेतीन टक्क्यांनी ७०० रुपये व्याज आणि त्यावर १२६ रुपये जीएसटी लागतो. वरचे ५७० तर गेलेच, शिवाय नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. घरात अशी थकबाकी असेल, तर तूर्त दोन्ही कार्डं बाजूला ठेवा आणि आधी ती फेडा.