मायक्रोकंट्रोलरच्या फर्मवेअरची स्वयंचलित बांधणी : खडकवासल्याच्या जलपातळीमापनाच्या संदर्भात

प्रस्तावना

खडकवासला धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले. टेमघर, वरसगाव व पानशेत या वरच्या तीन धरणांचे पाणी येथेच येऊन मिळते. परंतु चारही धरणांच्या सुमारे २९ टीएमसी उपयुक्त साठ्यापैकी खडकवासल्याच्या वाट्यास जेमतेम २ टीएमसी येतात. त्यामुळे पावसाळ्यात हा जलाशय झपाट्याने भरतो आणि मुठेत विसर्ग करावा लागतो. २५ जुलै २०२४ रोजी हा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या वर गेला व सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले. अशा ठिकाणी पाण्याची पातळी मोजणाऱ्या उपकरणाचा आकडा चुकून चालत नाही.

हा आकडा जितका संवेदकावर, तितकाच उपकरणातील मायक्रोकंट्रोलरमध्ये कायम साठविलेल्या आज्ञावलीवर, म्हणजे फर्मवेअरवर अवलंबून असतो. संवेदकाची पडताळणी नियमाने होते. फर्मवेअरबाबत मात्र दोन साधे प्रश्नही बहुधा अनुत्तरित राहतात : उपकरणात आज नेमकी कोणती आज्ञावली आहे, आणि ती पुन्हा तशीच तयार करता येईल काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार एका कल्पित जलपातळीमापकाच्या उदाहरणाने केला आहे.

बांधणीचे वातावरण

महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील अनुभव सर्वपरिचित आहे. विद्यार्थ्यांचा प्रकल्प एका विशिष्ट संगणकावर कंपाइल होतो, बोर्डावर बर्न केला जातो आणि परीक्षा पार पडते. पुढील वर्षी तोच स्रोत दुसऱ्या संगणकावर घेतला की कंपायलरची आवृत्ती निराळी, ग्रंथालय-संचिका अद्ययावत झालेल्या, आणि बांधणी अयशस्वी. कधी ती यशस्वी होते, परंतु वर्तन बदललेले असते; हा प्रकार अधिक घातक होय.

कंटेनर ही या प्रश्नावरील एक व्यवस्था आहे. कंपायलर, ग्रंथालये व साहाय्यक साधने यांचा संपूर्ण संच एका प्रतिमेत बांधून ठेवला जातो व ती प्रतिमा कोणत्याही संगणकावर तशीच चालविता येते. २०१३ मध्ये डॉकर प्रकाशात आल्यानंतर ही पद्धत सर्वत्र रुळली. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रतिमेस ‘लेटेस्ट’ या नावाने बोलाविल्यास आज एक व उद्या दुसरीच प्रतिमा हाती येऊ शकते. म्हणून तिचा उल्लेख नावाने न करता तिच्या आशयावरून काढलेल्या शा-२५६ ठशाने करावा. तसेच आज्ञावलीत बांधणीची तारीख व वेळ आपोआप घालणारी सोय वापरली असल्यास एकाच स्रोतापासून प्रत्येक वेळी निराळी संचिका तयार होते आणि दोन बांधण्यांची तुलना निरर्थक ठरते.

या कंटेनरास गिटवरील प्रत्येक बदलासरशी आपोआप कामास लावणे म्हणजे अखंड एकात्मीकरण. गिटलॅब, जेनकिन्स आदी साधने हे काम करतात. पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचा सहभाग असलेल्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे या दुर्बीण-प्रकल्पाच्या नियंत्रण-आज्ञावलीची घडणही गिटलॅब, कंटेनर व कुबरनेटीस यांच्या आधारे होते. ती मोठ्या संगणकांवर चालणारी आज्ञावली आहे, फर्मवेअर नव्हे. फर्मवेअरच्या बाबतीत खरी अडचण पुढेच आहे.

संगणकावर बरोबर, बोर्डावर चूक

जलपातळीमापकातील रडार-संवेदक स्वतःपासून पाण्यापर्यंतचे अंतर देतो. संवेदकाच्या उंचीतून ते वजा केले की पातळी मिळते. खडकवासल्याची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ५८२ मीटर, म्हणजे ५८,२०० सेंटिमीटर आहे. आज्ञावली लिहिणाऱ्याने ही संख्या साध्या ‘इंट’ प्रकारच्या चलात ठेवली असे समजू. सर्वसाधारण संगणकावर हा प्रकार ३२ बिटांचा असल्याने सर्व चाचण्या उत्तीर्ण होतात. आर्डुइनो उनोवरील एटीमेगा ३२८पी या मायक्रोकंट्रोलरसाठीचा कंपायलर मात्र तो १६ बिटांचा धरतो. त्याची कमाल मर्यादा ३२,७६७ आहे. परिणामी तेथे ५८,२०० ऐवजी उणे ७,३३६ हा आकडा उमटतो. उणे आकडा निदान डोळ्यांत तरी भरतो. पुढील गणितात तो मिसळून गेल्यास तेही होत नाही.

कंटेनर येथे अपुरा पडतो, कारण त्याने बांधणी शुद्ध केली तरी वर्तन तपासले नाही. कंपायलरच्या सूचनांना त्रुटी मानण्याचा दंडक ठेवल्यास काही चुका बांधणीतच अडतात. त्यापुढे सिमएव्हीआरसारख्या अनुकारकावर चाचणी घेता येते. परंतु अंतिम खात्री प्रत्यक्ष बोर्डावरच होते, व त्यासाठी बांधलेली संचिका मनुष्याच्या हस्तक्षेपाविना बोर्डात उतरवावी लागते.

बोर्डापर्यंतची वाट

कंटेनर यजमान संगणकाचेच कर्नल वापरतो. यूएसबी-जोडणी त्यास आपोआप दिसत नाही, ती नाव घेऊन द्यावी लागते. विंडोजवर डॉकर आभासी यंत्रातून चालत असल्याने ही जोडणी अधिक किचकट होते. म्हणून प्रयोगशाळेत लिनक्सवर चालणारा एखादा लहान संगणक, रास्पबेरी पायदेखील पुरेसा, बोर्डास कायम जोडून ठेवावा आणि बर्न करण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे. केबल काढून पुन्हा लावली की टीटीवाययूएसबी-० चे टीटीवाययूएसबी-१ होऊ शकते. तेव्हा जोडणी क्रमांकाने न ओळखता उपकरणाच्या स्थिर ओळखीने घ्यावी. उनोची सीरियल वाहिनी उघडताच बोर्ड पुन्हा सुरू होतो. दोन कामे एकाच वेळी त्या बोर्डावर गेल्यास दोन्ही बिघडतात व दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो. एका वेळी एकच काम, हा नियम येथे सक्तीचा असावा.

प्रयोगशाळेतील बोर्डावर आपोआप बर्न करणे इष्ट, तर धरणावरील उपकरणात आपोआप बर्न करणे अनिष्ट, हा भेद काटेकोरपणे पाळावयास हवा. भर पावसात विसर्ग चालू असताना उपकरण दोन मिनिटेही मुके होणे परवडणारे नाही. क्षेत्रातील भरणीस जबाबदार व्यक्तीची स्पष्ट संमती हा स्वतंत्र टप्पा असावा. ईएसपी-३२ सारख्या मायक्रोकंट्रोलरमध्ये आज्ञावलीसाठी दोन कप्पे राखता येतात : नवी आज्ञावली रिकाम्या कप्प्यात उतरते, स्वतःची तपासणी करते, आणि ती फसल्यास उपकरण जुन्या कप्प्याकडे परतते. ही सोय आपोआप लाभत नाही. ती मांडणीतच योजावी लागते, आणि स्वतपासणीत काय तपासावयाचे हेही ठरवावे लागते. निदान संवेदकाचे वाचन संभाव्य मर्यादेत आहे की नाही एवढे तरी त्यात असावे.

महाविद्यालयात याचा आरंभ कमी खर्चात होऊ शकतो. बांधणीच्या वेळी गिटमधील नोंदीचा ठसा आज्ञावलीत घालावा व उपकरणाने तो पातळीच्या प्रत्येक आकड्यासोबत पाठवावा. मग वरील १६ बिटांची चूक वर्षभराने उघडकीस आली, तरी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतची वाचने बाद करावयाची, हे नोंदवहीतून थेट काढता येते.