उकाईचं पाणी आणि अडाजणचे चौकोन

तापीवरच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्याचा मामाचा भुसावळहून फोन आला, की इथे सुरतच्या उधन्यात आई मला विचारते, "तुझा कॉम्प्युटर काय म्हणतो?" तापीच्या पुराचं गणित करणं हेच माझं पोटापाण्याचं काम. ऑगस्ट २००६मध्ये उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सुटलं आणि रांदेर-अडाजणसकट बहुतेक सुरत बुडाली. धरणातून अमुक सोडलं तर कुठल्या गल्लीत किती वाजता किती चढेल, एवढंच आम्हाला सांगायचं असतं.

वाहत्या उथळ पाण्याची समीकरणं साँ-व्हनाँ या फ्रेंच इंजिनिअरने १८७१मध्येच मांडली. पण खऱ्या नदीसाठी ती कागदावर सुटत नाहीत. मग शहराचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येकात शेजारून किती आलं, किती गेलं, याचा हिशेब करत राहायचं. ३०० चौरस किलोमीटरचे १० मीटरी चौकोन होतात ३० लाख. पाच मीटर खोल पाण्यात लाट सेकंदाला ७ मीटर पळते, वर प्रवाहाचा वेग वेगळाच. लाटेने एका दमात चौकोन ओलांडता कामा नये, त्यामुळे आमच्या पद्धतीत एका पावलात सेकंदभरच पुढे जाता येतं. अधाशीपणा केला की आकडे भडकतात. दोन दिवसांच्या पुराचे झाले ५० हजार कोटींवर हिशेब. एकाच प्रोसेसरवर सोडले, तर पूरच आधी यायचा!

म्हणून शहर वाटून द्यायचं. ६४ प्रोसेसर घेतले तर प्रत्येकाला ४७ हजार चौकोन. कडेच्या चौकोनांना पलीकडचे आकडे लागतात, ते प्रत्येक पावलाला मागवायचे. असे चौकोन दोन टक्केही नसतात. पण तेच काम ४०९६ जणांत वाटलं, की प्रत्येकाच्या सातशेतले शंभरेक कडेचे. कामापेक्षा निरोपच फार. पुण्याच्या सी-डॅकने १९९१मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक केला, तोही अनेक प्रोसेसर एकत्र राबवूनच. मात्र नुसते प्रोसेसर वाढवून भागत नाही.

खरी मेख कोरड्या जमिनीत आहे. पूर चढू लागतो तेव्हा नदीकाठचे तुकडे सांभाळणारे राबतात, पाणी न पोहोचलेल्या भागांचे बसून असतात; आणि पुढचा सेकंद सगळ्यांनी मिळूनच गाठायचा, म्हणून सगळ्यात मंद असेल त्याच्यासाठी बाकीचे खोळंबतात. प्रत्येकाला शहरभरचे विखुरलेले तुकडे दिले तर भार सारखा होतो, पण कडा वाढतात. मी ओले चौकोन मोजून अधूनमधून वाटणी बदलतो. प्रत्येक पावलाला नाही, कारण चौकोन इकडून तिकडे हलवायलाही वेळ जातोच.