रोशा गवत : हलक्या जमिनीतील सुगंधी तेलाचे पीक, त्याचे उपयोग आणि लागवडीआधीचा हिशेब

सुगंधी गवतांच्या शेतीबद्दल अलीकडे शेतकऱ्यांकडून बरीच विचारणा होते. गवती चहा, सिट्रोनेला आणि वाळा ही नावे त्यात जास्त असतात. पण सातपुड्याच्या उतारांवर आणि खानदेश-विदर्भाच्या माळरानांवर आपोआप वाढणारे एक गवत आपल्याच मातीतले आहे, त्याची चर्चा मात्र कमी होते. हे गवत म्हणजे रोशा. काही भागांत याला तिखाडी म्हणतात, तर आयुर्वेदात रोहिष तृण. शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन मार्टिनी. याच्या तेलाला व्यापारात पामरोजा तेल म्हणतात.

हे पीक हलक्या, उताराच्या, कोरडवाहू जमिनीत तग धरते आणि एकदा लावले की चार-पाच वर्षे उत्पन्न देते. मात्र बाजारात विकले जाते ते गवत नव्हे, तर तेल. तेल काढण्याची सोय नसेल, तर शेतात उभे राहिलेले उत्तम पीकही निरुपयोगी ठरते. म्हणून या लेखात लागवडीइतकाच ऊर्ध्वपातनाचा आणि विक्रीचा विचार केला आहे.

खानदेशचा जुना व्यापार

एकोणिसाव्या शतकात रोशा तेलासाठी खानदेश प्रसिद्ध होता. पिंपळनेर, अक्राणी, नंदुरबार, शहादा, तळोदा या भागांत पावसाळ्याच्या अखेरीस गवत फुलोऱ्यात आले की नाल्याकाठी भट्ट्या लागत. तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राकडे आणि तेथून तुर्कस्तानात जाई. या तेलाचा वास गुलाबाशी जुळत असल्याने तेथे गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ केली जाई. इकडे व्यापारी रोशा तेलातच टर्पेंटाइन किंवा खाद्यतेल मिसळत. भेसळीचा हा प्रश्न आजही संपलेला नाही, म्हणूनच खरेदीदार तपासणीचा अहवाल मागतात.

मोतिया आणि सोफिया : फरक आधी समजून घ्या

रोशा गवताचे दोन प्रकार आहेत. दिसायला ते जवळजवळ सारखे असतात, पण तेल वेगळे निघते.

- मोतिया : निचऱ्याच्या, मोकळ्या, उन्हाच्या उतारावर वाढतो. याच्या तेलात जिरॅनिऑल हा घटक साधारण ७५ ते ९० टक्के असतो. गुलाबासारखा वास त्यामुळेच येतो. हेच खरे पामरोजा तेल.
- सोफिया : ओलसर, सखल जागी आणि दाट जंगलात आढळतो. याच्या तेलात जिरॅनिऑल बरेच कमी असते. व्यापारात त्याला जिंजरग्रास तेल म्हणतात आणि त्याला भावही कमी मिळतो.

या पिकात परपरागीभवन होते. त्यामुळे जवळपास सोफिया असेल, तर त्या शेतातील बियाणे शुद्ध राहत नाही. रानातून गोळा केलेले किंवा अनोळखी माणसाकडून घेतलेले बियाणे लावू नका. चूक लक्षात येते ती पहिले तेल निघाल्यावर, तोपर्यंत एक हंगाम गेलेला असतो. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजे सीमॅपने, तृष्णा, तृप्ता, पीआरसी-१, वैष्णवी असे मोतियाचे सुधारित वाण दिले आहेत. बियाणे खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावे.

तेल कोठे वापरले जाते?

- साबण आणि सौंदर्यप्रसाधने : गुलाबाचे अस्सल तेल फार महाग असते. साबण, पावडर, क्रीम यांत गुलाबाच्या जवळचा वास आणण्यासाठी रोशा तेल परवडते. साबणातही त्याचा वास टिकतो.
- अत्तर आणि सुगंध उद्योग : तेलातून शुद्ध जिरॅनिऑल वेगळे काढले जाते आणि त्यापासून पुढे इतर सुगंधी रसायने तयार होतात. जिरॅनिऑलचे प्रमाण जितके जास्त, तितकी मागणी चांगली, याचे कारण हेच.
- तंबाखूजन्य पदार्थ आणि स्वाद : अल्प प्रमाणात सुगंधासाठी वापर होतो.
- डास व कीटक पळवणारी उत्पादने : जिरॅनिऑलमध्ये कीटकांना दूर ठेवण्याचा गुण आहे.
- अंगाला लावायची तेले : सांधे व स्नायूंच्या दुखण्यावर चोळण्याच्या पारंपरिक तेलांत रोशा तेल मिसळतात. सुगंधी तेल कधीही थेट त्वचेवर लावू नये, ते पोटात घेऊ नये.

याच कुळातील गवती चहाच्या तेलात सिट्रल असते. ते फरशी पुसण्याचे द्रव, साबण आणि जीवनसत्त्व अ तयार करण्याच्या उद्योगात जाते. वाळ्याचे तेल मुळांतून निघते आणि अत्तराचा वास टिकवून धरण्यासाठी वापरतात, पण मुळे तयार व्हायला दीड वर्षाच्या आसपास लागते. तिन्ही तेलांचे खरेदीदार सारखे नसतात. म्हणून ‘सुगंधी पीक’ असे मोघम न विचारता नेमके कोणते तेल हवे आहे, हे खरेदीदाराला विचारा.

जमीन आणि लागवड

पाण्याचा निचरा ही पहिली अट. हलकी ते मध्यम, मुरमाड, उताराची जमीन चालते. पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत मुळे कुजतात आणि झाडे विरळ होतात. चांगल्या बागायती जमिनीत हे पीक घेण्याची घाई करू नका. जेथे ज्वारी, बाजरीही जेमतेम येते, तेथे याचा विचार जास्त योग्य ठरतो.

१. रोपवाटिका : हेक्टरी साधारण २.५ किलो बियाणे लागते. ताज्या बियाण्याला सुप्तावस्था असते, त्यामुळे काढणीनंतर काही महिने ठेवलेले बियाणे वापरावे. बी फार बारीक व हलके असल्याने बारीक वाळूत मिसळून ओळीत पेरावे आणि वर मातीचा पातळ थर द्यावा. मे महिन्यात गादीवाफ्यावर पेरणी केल्यास पाऊस सुरू होईपर्यंत रोपे तयार होतात.

२. पुनर्लागवड : चार ते पाच आठवड्यांची, १५ ते २० सेंमी उंचीची रोपे चांगला पाऊस झाल्यावर लावावीत. अंतर ६० × ३० सेंमी ठेवावे. जमीन सुपीक असेल तर ६० × ४५ सेंमी चालते. उतारावर लागवड समतल रेषेवर करावी. त्यामुळे माती धरून ठेवण्याचे कामही होते.

३. तण आणि खत : पहिले दीड-दोन महिने तणांचे नियंत्रण सर्वांत महत्त्वाचे. इतर गवत कापणीत मिसळले, तर ते भांड्यात जागा घेते आणि तेल देत नाही. लागवडीपूर्वी कुजलेले शेणखत द्यावे. रासायनिक खते माती परीक्षणानुसार द्यावीत. नत्र एकदम न देता प्रत्येक कापणीनंतर हप्त्याने द्यावे.

४. पाणी : कोरडवाहूत वर्षाला दोन कापण्या मिळतात. उन्हाळ्यात दोन-चार पाळ्या देता आल्या, तर तीन किंवा चार कापण्या होतात. कापणीपूर्वी आठवडाभर पाणी तोडावे.

कापणी केव्हा करावी?

रोशाच्या तेलाचा मोठा वाटा फुलोऱ्यात असतो, पानांत त्यापेक्षा कमी आणि दांड्यांत फारच थोडा. कोवळ्या पिकाच्या तेलात जिरॅनिल ॲसिटेट जास्त असते. फुलोरा पक्व होत जातो, तसे त्याचे रूपांतर जिरॅनिऑलमध्ये होते. म्हणून लवकर कापल्यास तेलही कमी आणि प्रतही हलकी. फार उशीर केल्यास बी झडते, पाने वाळतात आणि तेल उडून जाते.

फुलोरा पूर्ण उमलल्यानंतर साधारण आठवडा ते दहा दिवसांत कापणी करावी. पहिली कापणी लागवडीनंतर तीन-साडेतीन महिन्यांनी येते. कोरड्या, उन्हाच्या दिवशी, जमिनीपासून १० ते १५ सेंमी वर कापावे. पाऊस पडून गेल्यावर लगेच कापू नये. कापलेले गवत एक दिवस सावलीत पातळ पसरून सुकू द्यावे. वजन कमी होते, भांड्यात जास्त गवत मावते आणि इंधन वाचते. ढीग मात्र लावू नये. ढीग तापतो आणि तेल खराब होते.

तेल काढणे : भांड्याची क्षमता आणि तुमचे क्षेत्र

पद्धत सोपी आहे. भांड्यात जाळीवर गवत दाबून भरतात आणि खालून वाफ सोडतात. वाफ पानांतील तेल सोबत घेऊन थंड पाण्यातील नळीतून जाते. तेथे पाणी आणि तेल वेगळे होतात. रोशाचे तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने वर तरंगते. एका घाणीला तीन ते चार तास लागतात. गवत सैल भरले, तर वाफ एकाच बाजूने निघून जाते आणि बाकीच्या गवतात तेल तसेच राहते.

आता हिशेब पाहू. चांगल्या व्यवस्थापनात हेक्टरी वर्षाला २० टन ओले गवत धरले, तर एकरी ८ टन होते. दोन कापण्यांत प्रत्येकी ४ टन. तेलाचा उतारा ०.५ टक्के धरला, तर एकरी वर्षाला ४० किलो तेल मिळेल. उतारा ०.४ टक्के आला तर ३२ किलो. हलक्या कोरडवाहू जमिनीत नियोजन करताना याच्या निम्मेच उत्पादन धरावे.

पुढचा प्रश्न भांड्याचा. ५०० किलोचे भांडे असेल, तर एका एकराच्या एका कापणीला आठ घाण्या लागतात. भरणे, उपसणे धरून दिवसात दोन घाण्या होतात, म्हणजे एकराला चार दिवस. योग्य कापणीचा काळ जेमतेम दोन आठवडे असतो. म्हणजे हे भांडे फार तर तीन-साडेतीन एकर सांभाळते. गटाने १० एकर लावले आणि भांडे ५०० किलोचेच ठेवले, तर निम्म्याहून जास्त पीक वेळेवर निघणार नाही. तेच भांडे २ टनांचे असेल, तर १० एकर दहा दिवसांत निघतात. लागवड टप्प्याटप्प्याने करणे हाही एक उपाय आहे.

ज्यांच्याकडे भांडे नाही, त्यांनी १० ते १५ किमीच्या आत केंद्र असेल तरच लागवड करावी. ४ टन गवतातून तेल निघते १६ ते २० किलो. इतक्या तेलासाठी ४ टन गवताची लांबवर वाहतूक परवडत नाही.

तेल काढल्यावर उरलेले गवत वाळवून भट्टीत जाळता येते किंवा आच्छादन आणि कंपोस्टसाठी वापरता येते.

साठवण आणि तपासणी

तेलात पाण्याचा अंश राहू देऊ नका. तेल स्थिर ठेवून, गाळून घ्या. गडद रंगाच्या काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या स्वच्छ डब्यात तोंडापर्यंत भरून, थंड व अंधाऱ्या जागी ठेवा. साध्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये तेल ठेवू नये. गंजलेल्या लोखंडामुळे तेलाचा रंग बिघडतो. प्रत्येक कापणीचे तेल वेगळे ठेवून त्यावर तारीख लिहा.

विक्रीपूर्वी नमुना गॅस क्रोमॅटोग्राफीने तपासून घ्यावा. सीमॅप आणि कन्नौजचे सुगंध व स्वाद विकास केंद्र अशा संस्थांकडे ही सोय आहे. जिरॅनिऑलची टक्केवारी हातात असली, म्हणजे भाव ठरवताना तुमची बाजू भक्कम राहते.

लागवडीआधी स्वतःला विचारा

रोपे किंवा बियाणे महागात विकून ‘तेल आम्हीच घेऊ’ असे आश्वासन देणारे अनेक भेटतात. अशा वेळी पुढील गोष्टी कागदावर घ्या :

- तेल कोण काढणार आणि किलोमागे किती खर्च येणार?
- खरेदीदार तेल घेणार की गवत? दर कसा ठरणार आणि पैसे किती दिवसांत मिळणार?
- प्रत कमी आली, तर काय करायचे? तपासणी कोठे करायची?
- हा खरेदीदार माघारी गेला, तर दुसरा कोण आहे?

मग एक साधा हिशेब करा. तेलाच्या दरातून काढणीचा किलोमागचा खर्च वजा करा. एकरी वर्षाचा एकूण लागवड खर्च या आकड्याने भागा. जेवढे किलो उत्तर येईल, तेवढे तेल निघाले तर तुमचा खर्च भरून निघतो. हे उत्तर एकरी १५ किलोच्या पुढे जात असेल, तर कोरडवाहू जमिनीत धोका मोठा आहे. दर दरवर्षी बदलतात, म्हणून हिशेब आजच्या दराने एकदा आणि त्याच्या दोन-तृतीयांश दराने पुन्हा करा.

वनक्षेत्रातील रोशा कापायचा असेल, तर वन विभागाचे नियम लागू होतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार सामूहिक हक्क मिळालेल्या गावांत ग्रामसभेमार्फत हे काम करता येते. तसेच तेल साबण किंवा क्रीममध्ये घालून स्वतःच्या नावाने विकायचे असेल, तर सौंदर्यप्रसाधनाच्या उत्पादनासाठी परवाना लागतो.

कृषी विस्तार कार्यकर्त्यांनी एकेका शेतकऱ्याला रोपे वाटण्यापेक्षा आठ-दहा जणांचा गट, सलग क्षेत्र आणि मध्यभागी एक भांडे अशी मांडणी करावी. पहिल्या वर्षी प्रत्येकी अर्धा एकरच लावावा. पहिले तेल निघून, तपासून आणि विकून हातात पैसे आल्यावरच क्षेत्र वाढवावे.