रस्ता रुंद झाला, बाधितांची यादी अरुंदच!

राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ कुठून कुठे जातो, हे आपल्या माणसांना नकाशा दाखवून समजावण्याची गरज नाही. तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, लोहा, सोनखेड, नांदेड, अर्धापूर असा येऊन हा रस्ता वारंगा फाट्यावरून उमरखेड, यवतमाळ, वर्धा करीत नागपूरजवळ बुटीबोरीला पोहोचतो. दरवर्षी अशोक विजयादशमीला लातूर-नांदेडच्या वस्त्यावस्त्यांतून निघालेल्या आपल्या गाड्या याच वाटेने दीक्षाभूमीकडे जातात. हा रस्ता टप्प्याटप्प्याने चौपदरी झाला. दवाखाना जवळ आला, विद्यापीठ जवळ आले, बाजार जवळ आला. रस्ता चांगला झाला याचे आम्हाला दुःख नाही. उलट चांगल्या रस्त्याची सर्वात जास्त गरज ज्याच्याकडे स्वतःचे वाहन नाही त्यालाच असते.

आमचा प्रश्न वेगळा आहे. या रस्त्यासाठी जी जागा गेली, तिच्यावर जगणाऱ्यांत आपली माणसे किती होती? आणि मोबदल्याच्या यादीत त्यातली किती आली?

रस्ता हा आपल्यासाठी केवळ डांबर-सिमेंटचा विषय कधीच नव्हता. १९२४ साली त्रावणकोर संस्थानात वायकोमला सत्याग्रह झाला तो देवळात जाण्यासाठी नव्हे, देवळाभोवतालच्या रस्त्याने चालता यावे म्हणून झाला. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. हा सगळा इतिहास पाठीशी होता म्हणूनच भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या रांगेत 'रस्ते' हा शब्द आला. सार्वजनिक रस्त्यावर जातीच्या कारणाने कुणालाही अटकाव करता येणार नाही, असे देशाच्या मूलभूत कायद्याला लिहावे लागले, यातच या देशातल्या रस्त्यांचा इतिहास आला! आणि लिहिले म्हणून तो हक्क गावोगाव मिळाला असेही नाही. १ जून २०२३ ला नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत आपल्या एका तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी केल्याच्या रागातून हे झाले, अशी फिर्याद आहे. गावातल्या रस्त्यावर निळा झेंडा निघाला की अजून कुणाच्या तरी पोटात दुखते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

म्हणूनच मराठवाड्यात 'फाटा' या जागेला एक वेगळा अर्थ आहे. गावातल्या हॉटेलात ज्याच्यासाठी वेगळी कपबशी ठेवली जायची, तो फाट्यावर आला की गिऱ्हाईक होतो. ट्रकचा ड्रायव्हर पंक्चर काढणाऱ्याला जात विचारत बसत नाही. गावात दुकान टाकायला जागा न मिळालेल्या आपल्या पोरांनी फाट्यावर पत्र्याचे शेड ठोकले, पानटपरी टाकली, चहाची गाडी लावली, टायरचे दुकान काढले. बाबासाहेबांनी गाव सोडा म्हणून सांगितले. ज्यांना पुण्या-मुंबईला जाता आले ते गेले. ज्यांना जमले नाही ते निदान फाट्यापर्यंत आले. गावगाड्यातून सुटण्याची ही अर्ध्या वाटेवरची जागा होती.

महामार्ग रुंद होताना सगळ्यात आधी उठते ती हीच जागा. कागदावर तिचे नाव 'अतिक्रमण'. महामार्गाच्या हद्दीतली अनधिकृत जागा मोकळी करून घेण्यासाठी २००२ चा केंद्रीय कायदा आहे, त्यानुसार नोटीस लागते आणि शेड निघते. तालुक्याच्या गावाला बाहेरून वळणरस्ता काढला तर शेडला हात न लावताही धंदा मरतो, कारण गाडी गावात येतच नाही. ज्याची जमीन वळणरस्त्यात गेली त्याला मोबदला मिळाला, ज्याची जमीन वळणरस्त्याला लागून उरली त्याचा भाव वाढला. ज्याचे पोट जुन्या रस्त्यावर होते त्याला काय मिळाले?

या प्रश्नाचे मूळ जमिनीत आहे. २०११ च्या जनगणनेत नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत जवळजवळ पाचांतला एक माणूस अनुसूचित जातीचा आहे. पण सातबाऱ्यावर आपला वाटा पाचांतला एक आहे काय? निजामाच्या राजवटीत जमीन कुणाच्या हाती होती आणि कोण राबत होते, हे सांगण्याची गरज नाही. स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला तोही कुळाला जमीन देणारा, आणि आपला माणूस बहुतेक ठिकाणी कूळसुद्धा नव्हता, तो सालगडी होता. त्याच्या वाट्याला उरले ते गायरान. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५३ साली मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह केला, १९६४-६५ ला देशभर केला, हजारो माणसे तुरुंगात गेली. त्या लढ्यातून आणि पुढच्या पिढीच्या चिवटपणातून गायरानावर पिके उभी राहिली. शेवटी २८ नोव्हेंबर १९९१ ला शासनाने निर्णय काढला की १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायची. निर्णय निघाला, पण प्रत्येकाच्या हातात सातबारा काही पडला नाही. कुठे दंडाची पावती आहे, कुठे पीकपाहणीची जुनी नोंद आहे, कुठे अर्जावर शिक्का आहे. मालकी मात्र 'सरकार'.

आता अशा गायरानातून महामार्ग गेला तर काय होते? सरकारी जमीन सरकारी कामाला गेली, मोबदल्याचा प्रश्नच नाही! शेजारच्या गटाच्या मालकाच्या खात्यावर रक्कम जमा होते आणि तीस-चाळीस वर्षे दगड वेचून जमीन कसणारा माणूस बांधावर उभा राहून रोलर बघतो. असे पक्षकार वकिलांकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा काम सुरू झालेले असते. त्यांच्या पिशवीत आजोबांच्या नावाच्या दंडाच्या पावत्या असतात आणि ओठावर एकच प्रश्न असतो, "साहेब, आमचं काहीच नाही का?"

मराठवाड्याला हा अनुभव नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. गरीब-श्रीमंत सगळेच ढिगाऱ्याखाली गेले, भूकंपाने सातबारा विचारला नाही. पुनर्वसनाने मात्र विचारला. स्थलांतरित झालेल्या ५२ गावांत नवी घरे दिली ती जमिनीच्या मापाने. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबाला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४५० आणि त्यावर ७५० चौरस फूट. घरात माणसे किती हा प्रश्न नव्हता, जमीन किती हा प्रश्न होता! जुन्या गावाची उतरंड अशी नव्या गावात सिमेंटने पक्की झाली. संकट सगळ्यांवर येते आणि भरपाई मालमत्तेला मिळते, हेच सूत्र आज महामार्गावर चालते आहे.

पण वाचकांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. कायदा या बाबतीत आपल्याला वाटतो तितका मुका नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाने घेतली जाते. २०१३ चा भूसंपादन कायदा आला तेव्हा महामार्ग त्यातून वगळले होते. मात्र केंद्राच्या २८ ऑगस्ट २०१५ च्या आदेशाने २०१३ च्या कायद्यातील मोबदल्याच्याच नव्हे, तर पुनर्वसनाच्या तरतुदीही महामार्गाच्या भूसंपादनाला लागू झाल्या. मोबदल्याचे सगळ्यांना कळले, पुनर्वसनाचे कुणी सांगितलेच नाही.

त्या कायद्यात 'बाधित कुटुंब' कोण, याची व्याख्या कलम ३ मध्ये आहे. ज्याची जमीन गेली तो त्यात आहेच. पण ज्याच्याकडे जमीन नाही, जो शेतमजूर आहे, बटाईदार आहे, कारागीर आहे, संपादनाच्या आधी तीन वर्षे त्या भागात काम करून पोट भरत होता आणि ज्याच्या उपजीविकेचे मुख्य साधन गेले, तोही बाधित आहे. शासनाने कोणत्याही योजनेत वाटप केलेली जमीन ज्याच्याकडे आहे तो बाधित आहे. आणखी महत्त्वाचे म्हणजे, 'जमीनमालक' या शब्दाच्या व्याख्येतही राज्याच्या कायद्यानुसार पट्टा मिळण्यास जो पात्र आहे त्याचा समावेश आहे. गायरानधारकाचे अतिक्रमण नियमित होण्यास पात्र होते आणि तहसील कार्यालयाने अर्ज वर्षानुवर्षे दाबून ठेवला, तर त्या दिरंगाईचा भुर्दंड त्याने का सोसावा? हा मुद्दा लढण्यासारखा आहे आणि तो लढला पाहिजे. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत लहान दुकान, गुरांचा गोठा यांच्यासाठी किमान २५ हजार रुपये आणि कारागीर व छोट्या व्यापाऱ्यांसाठी किमान २५ हजारांचे एकरकमी साहाय्य लिहिलेले आहे. रक्कम तुटपुंजी आहे. पण पैशाहून मोठी गोष्ट अशी की ही नोंद झाली, तर तो माणूस 'अतिक्रमणधारक' न राहता 'बाधित' ठरतो.

ज्या आपल्या बांधवांची थोडीफार मालकीची जमीन गेली, त्यांनाही एक सांगणे आहे. महामार्ग कायद्यातल्या कलम ३-जे मुळे १९९७ नंतर दिलासा रक्कम आणि त्यावरील व्याज नाकारले जात होते. सर्वोच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ ला तरसेम सिंग प्रकरणात हा भेद समतेच्या अनुच्छेद १४ विरुद्ध ठरवला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो निर्णय केवळ पुढच्या प्रकरणांपुरता नाही, हेही स्पष्ट केले. ज्यांच्या निवाड्यात ही रक्कम दिलेली नाही, त्यांनी निवाड्याची प्रत काढून आजच सल्ला घ्यावा.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण म्हणजे शक्तिपीठ महामार्ग. वर्ध्यातील पवनारपासून सिंधुदुर्गातील पत्रादेवीपर्यंत, ८०२ किलोमीटरचा आणि बारा जिल्ह्यांचा म्हणून जाहीर झालेला हा रस्ता नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांतून जाणार आहे. २४ जून २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने भूसंपादनासाठी वीस हजार कोटींवरची तरतूद मंजूर केली. कोल्हापूरपासून मराठवाड्यापर्यंत शेतकरी विरोधात उतरले आणि आखणीत बदल करण्याची भाषा सरकारला करावी लागली. जवळून ३६१ क्रमांकाचा चौपदरी रस्ता असताना दुसरा कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. आम्ही त्या प्रश्नाच्या बाजूने आहोत.

मात्र आंदोलनाच्या मागण्यांत शेतमजूर कुठे आहे? गायरानधारक कुठे आहे? बागायत जमीन गेली की तिच्यावर वर्षभर खुरपणीला जाणाऱ्या बायांची मजुरीही जाते, हे व्यासपीठावरून कोण बोलते? एकरी भाव वाढवून मिळाला की विरोध थंडावतो, हा आजवरचा अनुभव आहे. भाव वाढेल तो एकराचा, ज्याच्याकडे एकरच नाही त्याचे काय? दुसरीकडे, भूमिहीन बौद्ध व अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देणारी कर्मवीर दादासाहेब गायकवाड योजना २००४ पासून आहे. २०१८ मध्ये तिचा दर जिरायतीला एकरी पाच लाख आणि बागायतीला आठ लाखांपर्यंत केला गेला. महामार्गाची आखणी नुसती जाहीर झाली तरी आसपासचे भाव त्या दराच्या पलीकडे जातात. म्हणजे रस्ता एका हाताने गायरान घेतो आणि दुसऱ्या हाताने योजनेची जमीनही महाग करून ठेवतो.

तेव्हा करायचे काय? नुसत्या घोषणांनी भागणार नाही, कागद जमवावे लागतील. गावाचे नाव अधिसूचनेत आले आहे काय, हे वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत पाहावे. राष्ट्रीय महामार्ग असेल तर प्रसिद्धीपासून २१ दिवसांत लेखी हरकत घ्यावी लागते, ती मुदत गेली की दार बंद. संयुक्त मोजणीच्या दिवशी गायरानधारकाने स्वतः हजर राहून आपला ताबा, पीक, विहीर, झाड पंचनाम्यात लिहून घ्यावे. दंडाच्या पावत्या, जुन्या पीकपाहणीचे उतारे, मतदार यादी, वीजबिल यांच्या प्रती एकत्र ठेवाव्यात. फाट्यावरच्या दुकानदारांनी नगरपंचायत किंवा नगरपरिषद असेल तेथे २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली सर्वेक्षणाची मागणी करावी. शेतमजुरांची यादी गावानेच करून सक्षम प्राधिकाऱ्याकडे पोच घेऊन द्यावी. दिवाळीनंतर लोहा, कंधार, अहमदपूरकडची माणसे ऊसतोडीला बाहेर असतात. नेमके तेव्हा सर्वेक्षण झाले तर घराला कुलूप दिसते आणि नाव गळते, म्हणून यादी आधीच तयार हवी. निवाडा मान्य नसेल तर लवादाकडे जाता येते, रक्कम उचलली म्हणून हक्क संपला असे सांगणाऱ्या दलालावर विश्वास ठेवू नये.

आणि आपल्या संघटनांनी, बुद्धविहारांच्या समित्यांनी दर रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास या कागदांसाठी द्यावा. प्रत्येक तालुक्यात आपले वकील आहेत, निवृत्त तलाठी आहेत, मोजणी खात्यात काम केलेली माणसे आहेत. त्यांनी गावात जावे. जयंतीला आपण लाखो रुपये जमवतो, एका गावाच्या गायरानाची फाईल तयार करायला झेरॉक्सच्या खर्चापलीकडे काय लागते?

संविधानाने आपल्याला रस्त्यावरून चालण्याचा हक्क दिला. रस्त्याखाली जाणाऱ्या जमिनीतला, मजुरीतला आणि टपरीतला वाटा मात्र आपल्यालाच मागून घ्यावा लागेल. यंदा दीक्षाभूमीला जाताना गाडी वारंगा फाट्यावर चहाला थांबली, तर त्या चहावाल्याला एवढेच विचारा, "तुमचं नाव यादीत लागलं का?" लागले नसेल तर परतीच्या वाटेवर त्याचा अर्ज लिहून द्या.

जयभीम!